देव जेवतो का?

देवाच्या स्वरूपावर बोलायला बसलेली माणसं पहिल्याच वाक्यात इतकी उंच जातात, की खालून हाक मारली तरी त्यांना ऐकू येत नाही. निर्गुण, निराकार, अनादी, अनंत. श्रोते माना डोलावतात, आणि घरी गेल्यावर कोणी ‘काय म्हणाले?’ असं विचारलं तर ‘फार छान बोलले’ एवढंच सांगतात. ख्रिस्ती माणसाचा देव आणि मुसलमान माणसाचा देव यांत सारखं काय नि वेगळं काय, यावर ग्रंथांची कपाटं भरली आहेत. त्यातले बरेचसे अशाच उंचीवरून लिहिलेले आहेत. मला ती उंची झेपत नाही. म्हणून मी आपला स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरतो आणि एकच प्रश्न विचारतो : देव जेवतो का?

मराठी घरात हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण तिथे सणावारी देवाच्या आधी दुसरं कोणी जेवतच नाही. केळीच्या पानावर डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मधे भाताची मूद, तिच्यावर पिवळंधमक वरण आणि तुपाची धार. शेवटी तुळशीचं पान. घंटा वाजते, डोळे मिटतात, पानाभोवती पाणी फिरतं. दोन मिनिटांनी तेच पान जसंच्या तसं उचलून घरातल्या कुणापुढे तरी येतं. देव पोटभर जेवला आणि एक शीतही कमी झालं नाही. या सोयीबद्दल आपण त्याचे पुरेसे आभार मानलेले नाहीत. लहानग्या नामदेवाच्या हट्टापायी विठोबाने एकदा नैवेद्याचं ताट खरोखरच रिकामं केलं, तर घरच्यांचा विश्वास बसेना. देव जेवतो यावर आपली श्रद्धा असते. तो खरंच जेवला की मात्र चौकशी बसते.

अशा घरात वाढलेला माणूस शेजारच्या या दोन धर्मांकडे पाहतो तेव्हा त्याला आधी त्यांच्यातलं साम्यच दिसतं. दोघांचाही देव एकच, आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या कुणाचा पाट मांडायला दोघांचीही सक्त मनाई. त्यानेच आकाश-पृथ्वी निर्माण केली, तोच शेवटी हिशेब घेणार, तोच दया करणार. अब्राहाम, मोशे, दावीद ही मंडळी दोन्हीकडे आहेत. फक्त मुसलमानांकडे त्यांना इब्राहिम, मूसा, दाऊद म्हणतात. येशूची आई मरियम कुमारी असताना आई झाली हेही दोघांना मान्य. कुराणातली एकोणिसावी सूरा, म्हणजे अध्याय, तर तिच्याच नावाची आहे. पत्रिका इतकी जुळल्यावर अडलं कुठे? आपल्याकडच्या कितीतरी सोयरिकी जिथे अडतात तिथेच. जेवणाच्या पानावर.

पहिलं पान वाढलं अब्राहामाने. बायबलमधल्या उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात ती गोष्ट आहे. भर दुपारी म्हातारा अब्राहाम तंबूच्या दाराशी बसलाय. मान वर करून पाहतो तर समोर तीन माणसं उभी. तो धावत जातो, जमिनीपर्यंत वाकतो, पाय धुवायला पाणी मागवतो आणि भाकरतुकडा खाऊन जाण्याचा आग्रह करतो. मग तंबूत शिरून साराला तीन मापं सपीठ मळायला लावतो, स्वतः गुरांत जाऊन कोवळं वासरू निवडतो, दही-दूध आणतो. भाकरतुकड्याच्या नावाखाली तिघांना अख्खं वासरू, हे आग्रहाचं गणित आपल्याला नवं नाही. पाहुणे झाडाखाली जेवतात, यजमान बाजूला उभा राहतो. साराला मुलगा होणार असं पाहुण्यांच्या तोंडून निघतं आणि तंबूच्या आत म्हातारी सारा हसते.

कुराणातही ही गोष्ट आहे, एकाहून जास्त ठिकाणी. पाहुणे येतात, सलाम होतो, इब्राहिम भाजलेलं वासरू आणून पुढे ठेवतो. पण पाहुण्यांचे हात ताटाकडे जात नाहीत. इब्राहिमच्या मनात भीती शिरते. भाष्यकार सांगतात, की त्या मुलखात जो पाहुणा तुमचं अन्न शिवत नाही त्याच्या पोटात काहीतरी काळंबेरं आहे असं समजत. पाहुण्याने ‘नको, आत्ताच खाऊन आलोय’ म्हटल्याबरोबर ज्या घरातल्या गृहिणीचा चेहरा उतरतो, तिथल्या माणसाला ही भीती वेगळी समजवावी लागत नाही. मग पाहुणे खुलासा करतात : घाबरू नकोस, आम्ही धाडलेले दूत आहोत. फरिश्ते जेवत नसतात. आणि जिथे दूतच जेवत नाहीत, तिथे धाडणाऱ्याच्या जेवणाचा विषयच संपला.

तंबू तोच, वासरूही तेच. एकीकडे फस्त झालं, दुसरीकडे निवून गेलं. या दोन धर्मांमधल्या अंतराचं याहून छोटं माप मला सापडलेलं नाही.

अर्थात बायबलच्या बाजूलाही हे जेवण सुखासुखी पचलं नाही. तल्मूदमधल्या ज्यू रब्बींनी म्हटलं, की ते देवदूत होते आणि त्यांनी जेवल्यासारखं केलं. ज्या गावाला जावं तिथली रीत पाळावी. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने त्या तिघांपैकी एकाला देव ठरवलं. साहजिकच ट्रायफो नावाच्या ज्यू विद्वानाशी चाललेल्या त्याच्या संवादात प्रश्न आला, की मग तो जेवला कसा? आग सगळं खाऊन टाकते असं आपण म्हणतो ना, त्या अर्थाने, असं जस्टिनचं उत्तर. पुढे त्या तिघांत मिळूनच पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा पाहण्याची रीत पडली. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला आंद्रेई रुब्लियोव्ह या रशियन साधूने त्याचं जगप्रसिद्ध चित्र काढलं : मेजाभोवती तीन देवदूत, मेजावर एकच पेला. भाकरी नाहीत, दही नाही, आणि पीठ मळणारी सारा नि धावपळ करणारा अब्राहाम तर चित्रातूनच गेले. थोरामोठ्यांच्या मेजवानीच्या चित्रात राबणाऱ्यांना जागा नसते, हे रशियातही तसंच.

पण प्रश्न खरा पेटतो तो येशूपाशी.

कुराणाच्या पाचव्या सूरेचं नावच ‘अल-माइदा’, म्हणजे वाढलेलं मेज. तिच्या शेवटाकडे ईसाचे, म्हणजे येशूचे, शिष्य त्याला विचारतात, की तुझा परमेश्वर आमच्यासाठी आकाशातून वाढलेलं मेज उतरवू शकेल का? शिष्य कुठल्याही धर्मातले असोत, मूळ मुद्द्यावर यायला त्यांना वेळ लागत नाही. याच सूरेत थोडं आधी एक आयत येते. तिचा आशय असा : मरियमचा पुत्र मसीह हा एक प्रेषित होता, त्याची आई सत्यनिष्ठ होती, आणि ती दोघं अन्न खात असत. युक्तिवाद एवढाच. ज्याला भूक लागते तो देव कसा? दाणापाणी घेणारा दाणापाणी देणाऱ्याच्या बरोबरीला कसा बसेल? काही भाष्यकारांनी यात आणखी एक सूचना वाचली. जो खातो त्याला पुढचे विधीही आलेच. कुराण सभ्यपणाने तेवढं बोलत नाही, इतकंच.

गंमत अशी, की ख्रिस्ती जगात माणसं नेमक्या याच जागी इस्लामच्या कितीतरी आधी अडखळली होती. दुसऱ्या शतकातल्या व्हॅलेंटिनस या पंडिताला येशूचं देवपण इतकं जपायचं होतं, की येशू खातपीत असे पण ते अन्न शरीराबाहेर पडत नसे, असं त्याने लिहिलं. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ते नोंदवून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं. चर्चला हे असलं अर्धवट माणूसपण चाललं नाही. ४५१ साली कॅल्सिडॉनला धर्मसभा भरली आणि तिने ठरवलं, की येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोन्ही एकाच वेळी, भेसळ न होता. पूर्ण माणूस म्हणजे पूर्ण माणूस. त्यात काटछाट नाही. मी या ठामपणाला दाद देतो. देवाला माणूस म्हणायला धाडस लागतं, पण त्याच्या आतड्यांची जबाबदारी घ्यायला त्याहून जास्त लागतं.

म्हणूनच शुभवर्तमानांत येशू सारखा कुठे ना कुठे पंगतीला असतो. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपतो तेव्हा तो तिथे हजर. बदनाम जकातदारांच्या घरी तो जेवतो, इतका की लोक त्याला खादाड नि दारूबाज म्हणतात, आणि मत्तय ते न लपवता लिहून ठेवतो. चाळीस दिवसांच्या उपासानंतर त्याला भूक लागली, हेही मत्तय मुद्दाम सांगतो. मेलेला येशू उठून पुढे येतो तेव्हा शिष्यांना ते भूत वाटतं. तो खायला काही आहे का असं विचारतो आणि भाजलेल्या माशाचा तुकडा सर्वांदेखत खातो. लूकच्या दृष्टीने याहून भक्कम पुरावा नाही. योहान तर आणखी पुढे जातो. रात्रभर जाळी टाकून दमलेले शिष्य पहाटे किनाऱ्याला लागतात, तर हा निखाऱ्यांवर मासे आणि भाकर लावून त्यांना न्याहारीला बोलावतो. मृत्यूला जिंकून आलेला देव चूल पेटवून बसलाय, ही गोष्ट वसईच्या ख्रिस्ती कोळ्याला कुणा धर्मपंडिताने उलगडून सांगावी लागत नसेल.

आणि मुसलमानी परंपरेतला ईसा? तो पक्का फकीर. सूफी कथांमध्ये त्याच्याजवळ फक्त एक कंगवा आणि एक पेला आहे. एक माणूस बोटांनी दाढी विंचरताना दिसतो, ईसा कंगवा फेकून देतो. दुसरा ओंजळीने पाणी पिताना दिसतो, पेलाही फेकून देतो. फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावर अकबराने ईसाच्या नावाचं एक वचन कोरवून घेतलंय. जग हा पूल आहे, त्यावरून पलीकडे जावं, त्याच्यावर घर बांधू नये, असा त्याचा अर्थ. ते इतक्या अवाढव्य दरवाजावर कोरावं, यात बादशहाची विनोदबुद्धी दिसते. पण उलटापालट पाहा. जिथे तो देव आहे तिथे त्याला खादाड म्हणवून घ्यावं लागलं. आणि जिथे तो केवळ माणूस आहे तिथे त्याने पाण्याचा पेलासुद्धा टाकून दिला.

जेवणाची तीच कथा झोपेची. कुराणातली ‘आयतुल कुर्सी’ ही मुसलमान घरांत भिंतीवर लावतात, प्रवासाला निघताना म्हणतात. तिच्यात सांगितलंय, की त्याला डुलकीही येत नाही आणि झोपही लागत नाही. बायबलच्या स्तोत्रांतही अगदी हेच आहे. इस्राएलचा राखणदार झोपत नाही, पेंगत नाही. इथवर एकमत. मग मार्क सांगतो, की तळ्यात वादळ उठलं, होडीत पाणी शिरलं, शिष्यांची पाचावर धारण बसली, आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन गाढ झोपला होता. दोन्ही वाक्यं एकाच बायबलात. ख्रिस्ती माणसाला ती दोन्ही एकदम मानायची असतात. ज्या पंढरपुरात रोज रात्री शेजारती होते आणि पहाटे काकडआरतीने देवाला उठवतात, तिथल्या माणसाला यात काय अवघड तेच कळत नाही.

बगदादच्या खलिफाला मात्र ते अवघड वाटलं. अब्बासी खलिफा अल-महदी याने ७८०च्या आसपास पूर्वेकडच्या चर्चचा प्रमुख टिमोथी याला दरबारात बोलावून दोन दिवस प्रश्न विचारले. महदी मोठा चौकस गृहस्थ. वादविवाद कसा करावा यावरचा अॅरिस्टॉटलचा ग्रंथ त्याने टिमोथीकडूनच अरबीत करवून घेतला होता. ज्याच्याशी वाद घालायचा त्यालाच शस्त्राला धार लावायला सांगण्याचा हा उमदेपणा आता दुर्मिळ झालाय. खलिफाने पहिलाच सवाल टाकला, की तुझ्यासारख्या शहाण्या माणसाने देवाने बायको केली आणि त्याला मुलगा झाला असं म्हणावं, हे शोभतं का? टिमोथीने कानांवर हात ठेवले : असली निंदा कोण करतंय? मग सूर्य, त्याचा प्रकाश आणि त्याची उष्णता ही तीन नव्हेत, एकच, असे दाखले सुरू झाले. खलिफा ऐकत होता, पण पटत काही नव्हतं. शेवटी टिमोथीने मोत्याची गोष्ट सांगितली. रात्री अंधाऱ्या घरात एक मोती पडला. सगळे चाचपडू लागले. कुणाच्या हाती मोती लागला, कुणाच्या हाती खडा, पण प्रत्येकाला वाटतंय की मोती आपल्याच मुठीत आहे. उजाडेल तेव्हा कळेल. टिमोथीला अर्थातच खात्री होती, की तो त्याच्याच मुठीत आहे. या संवादाचा वृत्तांतही त्याचाच असल्यामुळे त्याची उत्तरं अंमळ लांब आहेत. तरी बादशहासमोर बसून, मुंडकं धडावर ठेवून, दोन दिवस मतभेद व्यक्त करता येत होता, ही गोष्ट लहान नव्हे.

हे टिमोथीचं चर्च आपल्यालाही परकं नाही. सहाव्या शतकात ‘कल्लियाना’ या बंदरात पर्शियाहून नेमलेला बिशप असतो, असं कॉस्मास नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे, आणि ते आपलं कल्याणच असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे पित्याचा पुत्राशी संबंध काय, हा प्रश्न कल्याण जंक्शनला लोकल यायच्या फार आधी येऊन थांबला होता. पुढे १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला. त्याने साष्टीत राहून मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं आणि १६१६ साली ते रायतूरला छापलं. त्याची अडचण खलिफाच्या बरोबर उलट होती. देव माणूस झाला म्हटल्यावर खलिफा मान हलवून नाही म्हणायचा; आपला माणूस मान हलवून लगेच हो म्हणणार, ‘अवतारच की!’ आता हा अवतार एकदाच, एकच, सगळ्यांसाठी, आणि खऱ्या भुकेसकट, हे पटवायला ओव्याच हजारो लागल्या. नकार देणाऱ्याची समजूत काढता येते. घाईने होकार देणाऱ्यापुढे इलाज नसतो.

या सगळ्याच्या मुळाशी शब्द आहे तो ‘गरज’. देवाला कशाची गरज असू शकते का?

इस्लामचं उत्तर सरळ आहे. तो खाऊ घालतो, त्याला कुणी खाऊ घालत नाही. त्याच्या नव्व्याण्णव नावांपैकी ‘अस-समद’ या नावाचा अर्थ सांगताना काही जुन्या भाष्यकारांनी म्हटलं, की ज्याच्या आत पोकळी नाही तो. जो खात नाही, पीत नाही तो. पोटच नाही, मग भूक कुठली? अकराव्या शतकातल्या इमाम गझालींनी यावरून रोजाचा एक सुंदर अर्थ काढला : रोजा ठेवणारा माणूस दिवसभरापुरता देवाच्या या गुणाची नक्कल करत असतो. न खाऊन त्याच्या जवळ जायचं. बकरी ईदच्या कुर्बानीविषयीही कुराण स्पष्ट सांगतं, की मांस आणि रक्त अल्लापर्यंत पोचत नाही, पोचते ती तुमची धर्मनिष्ठा. म्हणून मांसाचा एक वाटा घरात, एक नातलगांत, एक गरिबांत. मला या देवाची एक गोष्ट फार आवडते. ज्याला काहीच नको, त्याला लाच देता येत नाही. पेढे, नारळ आणि नवस घेऊन आयुष्यभर रांगेत उभा राहिलेल्या माणसाला यातली जरब लगेच कळेल.

ख्रिस्ती उत्तर याच्या उलट दिशेने येतं. देवाला गरज नव्हती हे खरंच. पण त्याने ती अंगावर घेतली. भुकेची माहिती असणं वेगळं आणि भूक लागणं वेगळं. आणि शेवटच्या रात्री मेजावर बसून त्याने भाकर मोडली नि हे माझं शरीर असं म्हणत वाटली. म्हणजे जेवणारा देव स्वतःच जेवण झाला. तेव्हापासून ख्रिस्ती माणूस मिस्सात खाऊन देवाच्या जवळ जातो. एकजण न खाऊन जवळ जातो, दुसरा खाऊन. दोघंही निघालेत एकाच दिशेला.

पण त्या भाकरीवरूनही भांडण झालंच. १५२९ मध्ये मार्टिन ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा झ्विंग्ली हे दोन सुधारक मारबुर्गच्या किल्ल्यात एकी करायला जमले. पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झालं. राहिलं एक : भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं की ती आठवण असते? ल्यूथरने आधीच मेजावर खडूने ख्रिस्ताचं ते वाक्य लिहून वर मखमल पसरून ठेवली होती. योग्य वेळी मखमल उचलली आणि बोट ठेवलं. चर्चा तिथेच अडली. त्रैक्यावर एकमत होतं, मोक्षावर होतं. फिसकटलं ते ताटावर.

एक मात्र करू नये. इस्लामचा देव दूरचा आणि ख्रिस्ती देव जवळचा, अशी सोपी वाटणी करून मोकळं होऊ नये. तोच कुराणातला देव माणसाला त्याच्या मानेच्या शिरेपेक्षा जवळ आहे, आणि बायबलमधला देव कुणाला जवळही जाता येणार नाही अशा प्रकाशात राहतो. दोन्ही घरांत दोन्ही आहे. फरक आहे तो देवाचं मोठेपण कशात मानायचं याचा. एकाला वाटतं, देवाला भूक चिकटवणं हा त्याचा अपमान आहे. दुसऱ्याला वाटतं, आपल्यासाठी भूक पत्करणं हेच त्याचं मोठेपण. अपमान दोघांनाही करायचा नाही. दोघंही आदबीनेच उभे आहेत, फक्त एकाने हात जोडून पाऊलभर मागे सरण्यात आदब पाहिली आणि दुसऱ्याने पुढे होऊन पाय धरण्यात.

आणि मग एक अशी जागा येते, जिथे या सगळ्या वादाचीच परीक्षा होते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचा दिवस आहे. राजा डावीकडच्यांना म्हणतो, की मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलं नाही. ते गोंधळून विचारतात, की प्रभू, तू भुकेला असताना आम्ही तुला पाहिलं कधी? उत्तर येतं, की या लहानांतल्या लहानाला दिलं नाहीत, म्हणजे मलाच दिलं नाहीत. ‘सहीह मुस्लिम’ या पैगंबरवचनांच्या हदीससंग्रहात हाच प्रसंग आहे. अल्ला म्हणतो, आदमच्या पुत्रा, मी तुझ्याकडे अन्न मागितलं आणि तू दिलं नाहीस. माणूस चकित होतो : तू साऱ्या जगाचा पालनकर्ता, तुला मी कसं खाऊ घालू? तेव्हा त्याला सांगितलं जातं, की माझ्या अमक्या बंद्याने तुझ्याकडे अन्न मागितलं होतं; त्याला दिलं असतंस तर ते तुला माझ्यापाशी सापडलं असतं.

फरक इथेही आहे, आणि तो जपलेला आहे. मत्तयाचा देव म्हणतो, मलाच दिलं नाहीत. हदीसमधला देव म्हणतो, ते माझ्यापाशी सापडलं असतं. ताटावर बसणं आणि ताटाची नोंद ठेवणं, एवढं अंतर दोघांनी राखलंय. पण माझं लक्ष त्या गोंधळलेल्या माणसाकडे जातं. तुला मी कसं खाऊ घालू, हा त्याचा प्रश्न म्हणजे अस्सल धर्मशास्त्र आहे. देव जेवत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. कुठल्याही मदरशात त्याला पैकीच्या पैकी गुण पडले असते. आणि तरी तो नापास झाला. तिकडे डावीकडच्यांनीही राजाला प्रभू म्हणून बरोबर ओळखलं; तेही नापास झाले. देवाचं स्वरूप चोख पाठ असून नापास होता येतं, ही धोक्याची सूचना दोन्ही धर्मांनी आपापल्या पुस्तकातच छापून ठेवली आहे. टीकाकारांसाठी जागा सोडलेलीच नाही.

मुंबईत माहीमला बुधवारी सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाला सगळ्या धर्मांची गर्दी लोटते. तिथून जवळच मखदूम अली माहिमींचा दर्गा आहे. ते १४३१ साली वारले; कुराणावर भाष्य लिहिणारे हे आपल्या कोकणपट्टीतले विद्वान. दर्ग्याच्या आसपास काही हॉटेलांपुढे माणसं ओळीने उकिडवी बसलेली दिसतात. मळके सदरे, शेजारी एखादी पिशवी, नजर गल्ल्याकडे. कुणीतरी येतो, दहा जणांच्या जेवणाचे पैसे ठेवतो. मालक बोटाने दहा डोकी मोजतो, तेवढी माणसं उठतात, बाकीची पुढे सरकतात. पैसे ठेवणारा बहुधा थांबतसुद्धा नाही. तो मेणबत्ती लावून आला की चादर चढवून, की प्रभादेवीच्या गणपतीला नारळ फोडून, याची नोंद गल्ल्यावर होत नाही.

देव जेवतो का, या प्रश्नाला ख्रिस्ती माणूस हो म्हणेल, मुसलमान नाही म्हणेल, आणि आपण ताट झाकून ठेवून ‘दोन मिनिटं थांबा’ म्हणू. तिन्ही उत्तरं प्रेमाने दिलेली आहेत आणि त्यांवर वाद घालायला माझी अजिबात ना नाही. पोटभर जेवणानंतर इतका चांगला विषय दुसरा नाही. फक्त दारातला माणूस जेवला का, हे आधी विचारून या. तो प्रश्न पेपरात नक्की येणार आहे, आणि तिथे पर्याय दिलेले नाहीत.